डबे चार झाले, सुक्याची गाडी कुठंय?

१ एप्रिल २०२६ पासून घनकचऱ्याचे नवे नियम लागू झालेत. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (जुनी औषधं, बल्ब, रंगाचे डबे) असे चार भाग घरातच करायचे. २०१६ च्या नियमांत तीन होते. चौथ्या डब्याला आमची हरकत नाही. पण घरोघरी निवडलेलं घंटागाडीत एकाच हौद्यात पडत असेल, तर चार काय नि चाळीस काय!

मिसळलं की नेमकं काय बिघडतं? पुठ्ठ्याला वरण लागलं की तो कुजतो, तेल लागलं तर लगदा नासतो. जळगावच्या एमआयडीसीत चटईचे कितीतरी कारखाने जुन्या प्लॅस्टिकच्या दाण्यावर (वितळवून केलेल्या बारीक गोळ्यांवर) चालतात. त्या मालात ओल राहिली तर दाण्यात बुडबुडे धरतात आणि पट्टी ओढताना तुटते. माती-खडे आले तर मशीनची जाळी चोक होते. पाण्याच्या बाटलीचं पेट (पीईटी) प्लॅस्टिक २५० अंशांच्या आसपास वितळतं. त्यात पीव्हीसीचा तुकडा असेल तर तो आधीच जळून आम्लाचा वायू सोडतो नि सगळा घाणा पिवळा पडतो. बाटलीवरची आवरणपट्टी पीव्हीसीची असू शकते, म्हणून ती काढून टाका. झाकण राहू द्या. कारखान्यात तुकडे पाण्यात टाकले की पेट तळाशी बसतं, झाकण तरंगतं. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका, तेवढा चिटोरा कोणालाच सापडत नाही. भांडी धुतलेल्याच पाण्यात पिशवी खंगाळून वाळवा, नळाचं ताजं पाणी घालवायला नको.

सुकं नासत नाही, ते रोज उचलायची गरजच नाही. आठवड्यातला एक वार फक्त सुक्याचा, गाडीत तराजू आणि दिलेल्या वजनाची चिठ्ठी, एवढं नियमात बंधनकारक करा. दंड त्यानंतर. गाडीच येत नसेल तर दंड कशाचा?

गावाकडं अडचण वेगळी. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात प्लॅस्टिक केंद्रासाठी तालुक्याला १६ लाखांपर्यंत तरतूद होती. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून २५ तालुके. पण शेड उभी राहिली म्हणजे माल आला असं नाही. सुटी पन्नी ट्रॉलीभर दिसते आणि वजन भरतं नाममात्र, डिझेलही सुटत नाही. माल गावातच दाबून गाठी बांधूनच निघाला पाहिजे, आणि त्यासाठी हाताने दाबायचा साधा साचा पुरे. थ्री फेजची वाट बघणारं मशीन आपल्याकडच्या लोडशेडिंगात रात्रीच चालायचं.

धंदेवाल्यांचं म्हणाल तर २०१६ च्या नियमांत दिवसाला सरासरी १०० किलोच्या वर गेलात तरच मोठे कचराकर्ते. १०० किलोचा आकडा नव्या नियमांतही आहे. आता मंगल कार्यालय बघा. ५०० पानं आणि पानामागे २०० ग्रॅम उष्टं धरलं तरी एका पंगतीचे १०० किलो झाले. पण लग्नं मोजक्या तिथींना, वर्षाची सरासरी काढली की कार्यालय मोठ्या कचराकर्त्यांतून सुटलं. तिथं मोजमाप कार्यक्रमागणिक हवं.

आणि विकलेल्या पॅकेजिंगचं प्लॅस्टिक गोळा करून पुनर्वापराला लावायची कंपन्यांची जबाबदारी? ती २०१६ च्या प्लॅस्टिक नियमांतच आहे, २०२२ पासून तिची उद्दिष्टंही ठरली, पण भागते पुनर्वापर करणाऱ्याकडून घेतलेल्या प्रमाणपत्रावर. पुनर्वापर देशात कुठंही होवो, टनांचा हिशेब जुळला की झालं. शहाद्याच्या नाल्यातलं पाकीट नाल्यातच राहतं. त्या हिशेबातला ठरावीक वाटा जिल्ह्यातून उचललेल्या मालाचा असावा, ही दुरुस्ती आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चिवड्या-वेफर्सची चकचकीत पाकिटं तर भंगारवालाही घेत नाही, कारण प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर सुटे करणं परवडत नाही.

शेतातल्या मल्चिंग पेपरची (वाफ्यावर अंथरायच्या पातळ प्लॅस्टिकची) तीच गत. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारात हातोहात जातात. २५ मायक्रॉनचा पेपर मात्र उपटताना फाटतो, त्याला वजनात मातीच जास्त, मग बांधावर पेटवतात. निदान एवढं करा: काढायच्या आधी पाणी तोडून वाफा कोरडा होऊ द्या, पेपर ओढू नका, एका टोकाकडून गुंडाळत या, झटका आणि बारदानात भरून सावलीत ठेवा. उन्हात पडला की त्याचा चुरा होतो, मग दाणाही निघत नाही.