आरसेपच्या नावाने चाळ रिकामी करू नका

विंचूरच्या मामांनी गेल्या आठवड्यात कांदा साठवायच्या चाळीतला निम्मा उन्हाळ कांदा पिकअपमध्ये भरला, लासलगावला नेला आणि मिळेल त्या भावात देऊन आले. का, विचारलं तर म्हणाले, "अगं, आता चीनचा कांदा येणार. तुला मेसेज नाही आला?" आला होता. मावशीच्या सुनेने, शाळेच्या ग्रुपने आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी, तिघांनीही पाठवला होता. मी हसून सोडून दिला, तिथेच चुकलं.

मेसेज थोडक्यात असा: भारताने गुपचूप आरसेप या व्यापार करारावर सही केली. संसदेत चर्चासुद्धा नाही. १ तारखेपासून चीनचा कांदा-लसूण आणि न्यूझीलंडचं २० रुपये लिटर दूध बिनशुल्क येणार. पुढे सगळ्या देशांचं एकच चलन होणार. शेतकऱ्यांनो, आहे तो माल विकून मोकळे व्हा. कोणत्या महिन्याची १ तारीख, ते नाही. त्यामुळे हा मेसेज दर महिन्याला ताजा!

आरसेप म्हणजे प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी. आसियान या आग्नेय आशियाई गटातले तेव्हाचे १० देश, अधिक चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. बोलणी २०१२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, त्यात आपणही होतो. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये आपण बाहेर पडलो. उरलेल्या १५ जणांनी १५ नोव्हेंबर २०२० ला सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला. भारतासाठी दार उघडं ठेवलंय, हे खरं. नव्याने येणाऱ्या इतर देशांना करार लागू झाल्यावर १८ महिने थांबायची अट होती, आपल्याला तीही नव्हती. पण त्या दारातून आत जायचं तर बाकीच्या देशांशी अटी ठरवाव्या लागतात, मग आसियानच्या महासचिवांकडे रीतसर कागद द्यावा लागतो. १५ देशांना माहीत असलेलं असं कसलं हे गुपित, जे फक्त आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फुटलं?

बरं, सही झालीच असं धरू. तरी शुल्क आपोआप शून्य होत नाही. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २५ खाली अधिसूचना काढावी लागते, ती राजपत्रात छापली जाते. कोणता माल, कुठला, किती टक्के, सगळं त्यात असतं. निर्यात-आयातीची कागदपत्रं करण्यात माझी १५ वर्षं गेली. आसियानच्या सवलतींची अधिसूचना ४६/२०११ मला झोपेतून उठवून विचारा. आरसेपची तशी अधिसूचना मला दाखवा, मी स्वतः मामांची माफी मागते.

संसदेचं मात्र अर्धं खरं आहे. अशा करारावर संसदेत मतदान घ्यायलाच हवं असं बंधन आपल्याकडे नाही, सरकार सही करू शकतं. मला हे आवडत नाही, पण म्हणून सही झाली असं होत नाही.

आता कांदा, ज्यासाठी हे लिहायला बसले. २९ सप्टेंबर २०१९ ला कांद्याची निर्यात बंद झाली. बँकॉकची तारीख पुन्हा बघा, त्याच्या पाच आठवडे आधी! त्याच हिवाळ्यात शहरांत भाव शंभरीवर गेला आणि सरकारने तुर्कस्तान आणि इजिप्तचा कांदा आणला. राज्यांनी तो धड उचललाही नाही. परदेशचा कांदा यायला कुठल्या गटात जावं लागलं? कुठल्याच नाही.

पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, तेव्हा नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते, ते मामा विसरले असतील असं वाटत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा निर्यातबंदी. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्तात बाहेर विकायचा नाही) आणि ४० टक्के शुल्क होतंच. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला एकदाचं गेलं. हे सगळं दिल्लीत ठरलं, बीजिंगमध्ये नाही. आपला कांदा घेणारे बांगलादेश, श्रीलंका आणि दुबईकडचे व्यापारी आरसेपमध्ये नाहीतच. मलेशिया आहे, पण आसियानमुळे मलेशियाशी आपला करार २०१० पासून आहेच. चीनचा कांदा आपल्याला आडवा येतो तो बाहेरच्या बाजारात, आणि आपली निर्यात बंद असली की त्याला मैदान मोकळं. विंचूरच्या चाळीत तो कशाला येईल?

लसणाचं हसू येतं. चिनी लसणाची आयात २०१४ पासून बंद आहे, तरी चोरवाटेने येतोच. चोरवाटेला सही लागत नाही.

दुधाची भीती २०१९ मध्ये खरी होती, तेही कबूल. न्यूझीलंडचं बहुतेक दूध निर्यातच होतं आणि आपल्या दूध संघांनी तेव्हा विरोध केला तो उगाच नव्हता. पण ते येईल पावडर आणि लोणी होऊन, पिशवीतून २० रुपये लिटरने नाही. आणि दूध पावडरवर आपलं मूळ आयात शुल्क ६० टक्के आहे.

एकच चलन? हा व्यापार करार आहे. पुढे.

उलट बाजूचे लोकही फार खूश होऊ नयेत. "बाहेर राहिलो म्हणून चीनला रोखलं" हेही ऐकते. २०१९-२० मध्ये चीनशी आपली व्यापार तूट ४८ अब्ज डॉलरच्या वर होती, २०२४-२५ मध्ये ९९ अब्ज. दार बंद ठेवून खिडकीतून किती माल आला, बघा.

काल मामांना फोनवर यातलं निम्मं सांगितलं. ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हणजे उरलेला ठेवू?" म्हटलं, भावातलं मला कळत नाही मामा. कांद्याला मोड येतायत का, खालचा थर ओला झालाय का, ते तुम्ही बघा. दिल्लीहून नवी अधिसूचना निघाली तर रात्री कितीही वाजता मी फोन करते.