‘वेर’ म्हणजे माणूस
तुमच्या लेखात ‘वेअरवुल्फ’ (लांडग्याचं रूप घेणारा माणूस) या शब्दातल्या ‘वेअर’चा अर्थ ‘सावध’ असा दिलाय, तो कृपया दुरुस्त करा. जुन्या इंग्रजीत ‘वेर’ म्हणजे पुरुष आणि ‘वुल्फ’ म्हणजे लांडगा. जर्मनमध्ये आजही ‘वेरवोल्फ’च म्हणतात. इंग्लंडचा राजा क्नूट (कारकीर्द १०१६ ते १०३५) याच्या कायद्यांत हा शब्द येतो. तिथे कळपावर टपलेल्या सैतानाला तसं म्हटलंय. त्या कायद्यांचा मसुदा करणाऱ्या आर्चबिशपचं नावही वुल्फस्टन!

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. ‘वेर’ हा लॅटिन ‘विर’चा आणि आपल्या ‘वीर’चा सख्खा भाऊ, तर ‘वुल्फ’ संस्कृत ‘वृक’चा. भीमाला वृकोदर म्हणतात, तोच हा वृक. एकटा ‘वेर’ इंग्रजीतून केव्हाच गेला, पण ‘वर्ल्ड’मध्ये तो अजून दडलेला आहे: मूळ अर्थ, माणसाचं युग.