म्हातारी, भोपळा आणि शंभर शब्द

"काकू, झाले शंभर!"

सहावीतल्या चिरंजीवांनी वही माझ्यापुढे सरकवली. शेवटची ओळ होती, 'मग म्हातारी भोपळ्यात बसली आणि'.

"आणि काय रे?"

"आणि शंभर झाले ना."

चूक माझीच. सारांश मूळ मजकुराच्या साधारण एक तृतीयांश असावा, हा आमच्या शाळेतला जुना नियम मीच फळ्यावर लिहिला होता. 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' मी मुलांना 300 शब्दांत लिहून दिली होती, म्हणजे सारांश 100 शब्दांचा. पोरानं बोटांवर मोजलं आणि शंभराव्या शब्दाला पेन खाली ठेवलं. म्हातारी अजून त्या भोपळ्यातच आहे.

निवृत्तीनंतर हे खूळ मी हौसेनं अंगावर घेतलं. रामबागेजवळच्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी मराठीचा वर्ग भरतो. मुलं आमच्या इंदुरातल्या मराठी घरांतली. कुणाकुणाचे पूर्वज होळकरांच्या काळात इकडे आलेले. घरात "मी जेवून राहिलो आहे" असं मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत "क्या भिया". त्यांना लिहितं करायचं तर निबंधापेक्षा सारांश बरा, चार ओळींत आटपेल, असा माझा हिशेब. इंदूरच्या माणसाकडून चार ओळींची अपेक्षा! इथं कुणाला राजवाड्याचा रस्ता विचारला तर तो आधी पोहे खाल्ले का ते विचारतो, मग कुठे खावेत ते सांगतो आणि रस्ता राहूनच जातो.

पहिल्या रविवारच्या वह्या घरी आणल्या. सात जणांनी गोष्ट जशीच्या तशी उतरवली होती, फक्त अक्षर मुंगीएवढं. "लहान केली ना काकू!" तिघांनी नुसतं तात्पर्य लिहिलं होतं. त्यातलं एक, 'प्रवास नेहमी भोपळ्यातून करावा.' यात मुलांचा दोष नाही. जन्मल्यापासून त्यांना जी गोष्ट सांगितली तिच्या शेपटीला आपण तात्पर्य बांधलं, त्यामुळे सारांश आणि तात्पर्य त्यांना जुळे भाऊ वाटतात. मी समजावलं, काय घडलं तो सारांश, त्यातून काय घ्यायचं ते तात्पर्य. एका मुलीनं समजूतदारपणे मान डोलावली आणि पुढच्या रविवारी वाघाच्या बाजूनं तात्पर्य लिहून आणलं, 'म्हाताऱ्या माणसांवर विश्वास ठेवू नये.' ते मला जरा लागलं.

एकाचा सारांश असा संपत होता, 'वाघ तिला खाईल का? जाणून घेण्यासाठी पूर्ण गोष्ट वाचा.' अरे, वाचली आहे. मीच दिली आहे तुला.

आणि एक खवय्या. त्याच्या म्हातारीनं लेकीकडे तूप-रोटीवर भागवलं नव्हतं. सकाळी पोहे-जिलेबी, रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस आणि थंडीचे दिवस म्हणून तळलेला गराडू कंद. शंभरातले सत्तर शब्द त्यात गेले. पोह्यांवरचा जिरावन मसालासुद्धा विसरला नव्हता, भोपळा मात्र राहून गेला. विचारलं तर म्हणे, "महत्त्वाचंच लिहायचं होतं ना?"

तेव्हा मला कचरागाडी आठवली. 2017 साली आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, तेव्हा ही पोरं रांगत होती. गाडीचं गाणं ऐकू आलं की झोपेतसुद्धा डबे बरोबर उचलतील. मी फळ्यावर दोन डबे काढले, एक 'ठेवायचं', एक 'टाकायचं'. म्हातारीला काय हवं होतं, अडचण कोणती आली, ती सुटली कशी, हे ठेवायचं. संवाद, वर्णनं, तीच तीच वाक्यं टाकायची. वर्ग एकदम जागा झाला.

"काकू, भोपळा ओल्यात ना?"

"वाळलेला असेल तर सुक्यात!"

"आणि म्हातारी?"

यावर मतभेद झाले. मी घाईघाईनं विषय बदलला.

पण 'टुणुक टुणुक' टाकायच्या डब्यात लिहिताना मागून कुणीतरी विचारलं, "मग राहिलं काय, काकू?" खडू जरा अडखळला. नियमानं ते टाकायलाच हवं, दर वेळी तेच तर येतं. पण माझ्या आजीनं ही गोष्ट मला सांगितली त्यातलं आज मला धड आठवतं ते तेवढंच. कोल्हा आधी की वाघ आधी, हे मला पुस्तकात बघावं लागलं. तरी टाकलं. परीक्षेत टुणुकला गुण नसतात.

काल मात्र वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीनं वही दिली. 'म्हातारी लेकीकडे गेली. जाड झाली. भोपळ्यात बसून परत आली.' तृतीय पुरुष, भूतकाळ, संवाद नाही, तात्पर्य नाही, पोहे नाहीत. मला तिला कुशीत घ्यावंसं वाटलं. मग लक्षात आलं.

"अगं, वाघ कुठे?"

"काकू, त्याने तिला खाल्लं का?"

"नाही."

"मग तो फालतूच उभा होता ना तिथे."

दहापैकी साडेनऊ दिले. अर्धा वाघाचा कापला.