ओढतोय ना? मग झालं!

परवाच्या लाँग वीकएंडला कॅलिफोर्नियातल्या आय-५ महामार्गावर, ग्रेपव्हाइनच्या उतारावर, एक तीसफुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) डोलत डोलत शेजारच्या लेनची चौकशी करत चालला होता. ओढणारा हाफ-टन (हलक्या वर्गातला) पिकअप मागून पार बसलेला, पुढचं नाक वर. मागे आम्ही पाच-पन्नास गाड्या जीव मुठीत धरून. ट्रेलरच्या पाठीवर ‘गणपती बाप्पा मोरया’. खाली सुखरूप पोचला तो बहुधा त्याच्याच कृपेने. आपली मंडळी या छंदात उतरली आहेत हे पाहून ऊर भरून आला, म्हणून हे चार सल्ले खास मराठीत.

ट्रेलर आधी घ्या. ट्रक काय, दारात आहेच. बंक बेड बघा, बाहेरचं किचन बघा, दोन स्लाइड-आउट (बाहेर सरकणारे भाग) हवेतच. वजनाचं विचारून विक्रेत्याचा मूड घालवू नका. तो बिचारा न विचारताच सांगतो, “हाफ-टन? आरामात ओढेल.” अगदीच राहवलं नाही तर ब्रोशरमधलं ड्राय वेट पाठ करा. ड्राय वेट म्हणजे पाणी नाही, गॅस नाही, भांडी नाहीत, अंथरुणं नाहीत, बहुतेक वेळा बॅटरीसुद्धा नाही; म्हणजे ज्या अवस्थेत कोणीही कधीही कॅम्पिंगला जात नाही त्या अवस्थेतलं वजन. टाकीत पन्नास गॅलन पाणी भरलंत की ४१७ पौंड वाढतात, पण पाण्याला कसलं आलंय वजन! तीस पौंडी प्रोपेनचे दोन भरलेले सिलिंडर मिळून शंभराच्या वर जातात आणि बसतात नेमके ट्रेलरच्या जिभेवर (ट्रकला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावर), म्हणजे तुमच्या ट्रकच्या डोक्यावर. तेही सोडून द्या.

ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर एक पांढरं-पिवळं स्टिकर दिसतं. ते वाचू नका.

त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. कंपनीच्या वकिलांना दुसरा उद्योग नाही. तुम्ही जाहिरातीतला आकडा धरून चाला: ११,००० पौंड ओढतो! आता एसएई जे२८०७ या ओढक्षमतेच्या चाचणीत तो आकडा काढताना ट्रकमध्ये दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात, आणि ट्रेलरचा फक्त दहा टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकच्या जोडणीवर. तुमच्या घरात तशी दोन माणसं आहेत का हो? तुमच्याकडे तर उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले असतात. करा हिशेब. स्टिकरवर पेलोड, म्हणजे माणसं-सामानाची ती मर्यादा, १,४८० पौंड. भरलेला ट्रेलर ७,६०० पौंड. ट्रॅव्हल ट्रेलर नीट चालायचा तर त्यातला बारा-तेरा टक्के भार हिचवर हवा, म्हणजे तेरा टक्क्यांनी ९८८; तोही पेलोडमध्येच मोजायचा. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं (भार पुढे-मागे वाटणाऱ्या जोडणीचं) लोखंड ९०. झाले १,०७८. उरले ४०२. त्यात तुम्ही १८०, वहिनी १४०, आई १५०, बाबा १६५, लेक ७०. बेरीज ७०५. म्हणजे सगळे नुसते सीटवर बसले तरी ३०३ पौंड जास्त, आणि अजून मागचा बेड रिकामा आहे! त्यात जनरेटर, दोन कूलर, सरपण, बासमतीचं पोतं, कॅरम बोर्ड. हे सगळं सहाशे पौंडांच्या पुढे गेलं तरी तुमचं म्हणणं एकच, “इंजिनला कळतसुद्धा नाही.” इंजिनला कशाला कळेल? इंजिनचा प्रश्नच नाही! टर्बो इंजिन डोंगरही ओढेल. प्रश्न मागच्या ॲक्सलचा आहे, स्प्रिंगचा आहे, मऊ पोटाच्या पी-मेट्रिक (कारच्या धाटणीच्या) टायरचा आहे, आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही पातळ झाल्याचा आहे. ओढण्याची चर्चा बंद करा, थांबण्याची करा.

असो. शांतपणे पुढचा सल्ला.

हिचवर भार जास्त होतोय असं कोणी सांगितलंच, तर सोपा उपाय आहे: जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला न्या. मागच्या बंपरवर रॅक लावून दोन ई-बाइक टांगा. टंग वेट (जिभेवरचा भार) लगेच उतरतं, ट्रकचं नाक खाली येतं, पेलोडचा हिशेबही जमतो. मग पन्नाशीच्या पुढे शेजारून एखादा सेमी (मोठा मालट्रक) गेला की त्याच्या हवेने ट्रेलर आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, मग आणखी जोरात. जीभ हलकी आणि शेपूट जड झालेला ट्रेलर आपणहून सावरत नाही, वेग वाढेल तसा प्रत्येक हेलकावा मोठा होतो. अशा वेळी ट्रकचा ब्रेक करकचून दाबा आणि स्टिअरिंग उलट्या दिशेला झटकत राहा. (ज्यांना जगायचंय त्यांनी स्टिअरिंग सरळ धरावं, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) हातातली कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. ती कळ कुठे आहे हे पार्किंगमध्येच शोधून ठेवावं.)

वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावली की पेलोड वाढतो, हे सगळ्यांना सांगत सुटा. पोतं पाठीवरून खांद्यावर घेतलं की हलकं होतं, त्यातलाच हा प्रकार. थोडा भार पुढच्या ॲक्सलवर आणि थोडा ट्रेलरच्या ॲक्सलवर सरकतो हे खरं, पण दारावरचा आकडा तसूभर बदलत नाही. आणि हिच बसवताना मोजपट्टी तर मुळीच वापरू नका. ट्रेलर जोडण्याआधी पुढच्या फेंडरची जमिनीपासूनची उंची मोजायची, जोडल्यावर मोजायची, हिचचे बार (भार वाटणाऱ्या सळया) ताणून पुन्हा मोजायची, आणि जेवढं नाक वर गेलं त्यातलं पुस्तिकेत सांगितलंय तेवढं खाली आलं नाही तर हिचच्या डोक्याचा कल किंवा साखळीच्या कड्या बदलायच्या. अर्धा तास जातो. डीलरच्या पोऱ्याने एकदा बसवून दिली ना? तीही रिकाम्या ट्रेलरवर! मग कायमची झाली.

ब्रेक कंट्रोलरचा गेन (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ती मात्रा) कारखान्यातून आला तसाच राहू द्या.

ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) तार सेफ्टी चेनला अडकवा, म्हणजे चेन गेली की तीही सोबत जाईल.

ट्रेलरचे टायर गुळगुळीत झाले नाहीत म्हणजे नवेच समजा. बाजूला छापलेल्या तारखेकडे बघायचं नाही, हवा डोळ्यांनी मोजायची. अनेक एसटी (खास ट्रेलरचे) टायर ताशी ६५ मैलांच्या वर चालवण्यासाठी नसतातच, आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना मर्यादा ५५ची आहे. पण मागचे लोक खोळंबतात ना, म्हणून तुम्ही ७५ने, डाव्या लेनमधून. लोकांची केवढी काळजी!

उतारावर टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खाली ठेवणारा) बंद, गिअर वरचा आणि पाय ब्रेकवर ठेवून निवांत उतरा. जळका वास येईल तो दुसऱ्याच्या गाडीचा असतो.

योसेमिटीला जाताना जीपीएस ओल्ड प्रीस्ट ग्रेड या खड्या घाटाने जवळचा रस्ता दाखवेल. घ्या!

आणि काही झालंच तर “वारा फार होता” हे उत्तर तयार ठेवा.

आता पुरे. खरं सांगायचं तर हा नुसता मूर्खपणा नाही, बेपर्वाई आहे. आठ फूट रुंद, दहा फूट उंच भिंत तुम्ही पाच-साडेपाच हजार पौंडांच्या गाडीला बांधता, मागच्या सीटवर स्वतःची मुलं आणि आईबाप बसवता, आणि दारावरची एक ओळ वाचायला तुम्हाला वेळ नाही? स्वतःचा जीव तुमचा आहे, बाजूच्या लेनमधल्या सिव्हिकमधला नाही. एअर बॅग (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) आणि हेल्पर स्प्रिंग लावून ट्रकची पाठ सरळ दिसते, क्षमता वाढत नाही, हे शंभरदा सांगून झालंय. आम्ही सांगितलं की उत्तर येतं, “तुम्ही फार घाबरता.” हो, घाबरतो.

बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा वजनकाटा असतो. सहलीला निघताना भरता तसंच सगळं भरा, माणसांसकट, आणि तीनदा वजन करा: एकदा बार ताणून, एकदा बार सैल करून, एकदा ट्रेलर सोडून नुसता ट्रक. दुसऱ्या पावतीतल्या ट्रकच्या दोन ॲक्सलांच्या बेरजेतून तिसरीचं वजन वजा केलं की खरं टंग वेट निघतं. पहिल्या पावतीतले आकडे दारावरच्या जीव्हीडब्ल्यूआर (भरलेल्या ट्रकची एकूण वजनमर्यादा) आणि मागच्या ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून बघा, टंग वेट हिच रिसीव्हरवरच्या (ट्रकमागच्या जोडखोबणीवरच्या) स्टिकरशी. बसत नसेल तर ट्रेलर लहान करा किंवा तीन-चतुर्थांश टनी (हाफ-टनाच्या वरच्या वर्गातला) ट्रक घ्या, आणि तो घेतानाही दार उघडून स्टिकर वाचा, कारण डिझेल इंजिन आणि क्रू कॅब घेतलीत तर पेलोड वाटतो तेवढा मोठा नसतो. आणि हे सगळं होईपर्यंत उजवी लेन सोडू नका. पंचावन्न. छप्पन्न नाही.