पसंतीक्रम मनातल्या क्रमानेच लावा
एमबीबीएसच्या प्रवेशासाठी कॉलेजांची यादी भरताना मुंबईचं केईएम वर लिहायचं की अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय), असा प्रश्न मराठवाड्यातल्या मुलांना पडतो. २०२० मध्ये ७०:३० ची अट (७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकी राज्याला) गेली, त्यामुळे मराठवाड्यातल्या मुलांनी घाबरून जवळचं कॉलेज वर टाकू नये. कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, यादीतलं वरचं जे बसतं तेच मिळतं. घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज) वर लिहून ती मिळाली, तर खालचं केईएम त्या फेरीत गेलंच. मुंबईत फीपेक्षा राहणं जड जातं. वसतिगृहात पहिल्या वर्षी खोली मिळते का, एका खोलीत किती जण, हे तिथल्या सेकंड इयरच्या पोरांनाच विचारा. बाहेर राहायचं तर डिपॉझिट आणि लोकलमधला वेळही धरा. अंबाजोगाईला मात्र कमी लेखू नका हो! सर्पदंश, विषबाधा, अडलेली बाळंतीण, हे सगळं तिथे समोर येतं आणि हात बसतो.