गमांग यांचं मत बेकायदा नव्हतं, आणि सरकार त्यांनी एकट्याने पाडलं नाही

परवा रात्री बाबांनी एक मेसेज पाठवला. आधी तो ठाण्यात तलावपाळीला सकाळी फिरायला येणाऱ्या त्यांच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर आला, तिथून मला आणि माझ्या भाचीला. असले मेसेज मला रोज येतात, मी सोडून देतो. पण भाची एमपीएससीचा अभ्यास करते, आजोबांच्या शब्दावर तिचा विश्वास आहे, आणि तिने त्यातली एक ओळ राज्यव्यवस्थेच्या वहीत उतरवून घेतली. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज थोडक्यात असा: १९९९ साली अटलजींचं तेरा दिवसांचं सरकार एका मताने पडलं. ते मत ओडिशाचे मुख्यमंत्री गिरिधर गमांग यांचं. मुख्यमंत्री झाल्यावर चौदा दिवसांत त्यांची खासदारकी कायद्याने संपली होती, तरी ते दिल्लीत येऊन मत देऊन गेले. जंगलातून आलेला, सभागृहाचे नियम ठाऊक नसलेला माणूस, बोट धरून नेलं तसा गेला. देशावर पुन्हा काँग्रेसचं राज्य आलं. गमांग यांना मात्र पुढे कुणी विचारलं नाही. शेवटी, ‘मुलांना हा खरा इतिहास शिकवा.’

तेरा दिवसांचं सरकार १९९६ सालचं. ते मतदानात पडलंच नाही, वाजपेयींनी मतदानाआधीच राजीनामा दिला. १९९९ चं सरकार तेरा महिन्यांचं. एवढंही न तपासणारा माणूस मुलांना इतिहास शिकवायला निघालाय.

आता चौदा दिवसांची गोष्ट. भाचीने वहीत उतरवली ती हीच, आणि परीक्षेत नेमकी हीच घात करेल. राज्यघटनेचं पुस्तक तिच्या टेबलावरच होतं, मी ते उघडून तिच्यासमोर ठेवलं. अनुच्छेद १०१ चा दुसरा खंड सांगतो की एकच व्यक्ती संसद आणि राज्याचं विधिमंडळ या दोन्हींची सदस्य राहू शकत नाही. दोन्हीकडे निवडून आली आणि ठरलेल्या मुदतीत विधिमंडळातली जागा सोडली नाही, तर संसदेतली जागा रिकामी होते. ती मुदत चौदा दिवसांची. म्हणजे चौदा दिवसांचा हा नियम दोन सभागृहांच्या सदस्यत्वाचा आहे, मुख्यमंत्रिपदाशी त्याचा संबंध नाही. गमांग यांनी १७ फेब्रुवारी १९९९ ला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा ते ओडिशा विधानसभेचे सदस्य नव्हते, मतदानाच्या दिवशीही नव्हते. मग आमदार नसलेला माणूस मुख्यमंत्री कसा, असं भाचीने विचारलं. अनुच्छेद १६४ चा चौथा खंड: विधिमंडळाचा सदस्य नसलेला माणूस सहा महिने मंत्री राहू शकतो. मतदान झालं १७ एप्रिलला, तेव्हा दोनच महिने झाले होते. तेव्हा त्या दिवशी गमांग हे कोरापुटचे पूर्ण कायदेशीर खासदार होते. आक्षेप सभागृहातही घेतला गेला. लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी यांनी त्यांना मत द्यायला मनाई केली नाही, निर्णय त्यांच्या सद्सद्विवेकावर सोडला.

एक गोष्ट मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. राज्याचा कारभार हाती घेऊन दोन महिने झालेल्या माणसाने लोकसभेत येऊन केंद्र सरकारचा निकाल लावणाऱ्या मतदानात भाग घ्यावा, हे मलाही बरं वाटत नाही. संकेत म्हणून त्यांनी दूर राहायला हवं होतं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण संकेत मोडणं वेगळं आणि खासदारकी नसताना चोरून मत देणं वेगळं. मेसेजमध्ये दुसरा आरोप आहे, आणि तो खोटा आहे.

आता ‘ते एक मत’. सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९, विरोधात २७०. गमांग यांचं मत वजा करा: २६९ विरुद्ध २६९. बरोबरी झाली की अनुच्छेद १०० प्रमाणे अध्यक्षांना निर्णायक मत द्यावं लागतं. बालयोगी तेलुगू देसमचे, तो पक्ष सरकारच्या पाठीशी होता, म्हणून सरकार बहुधा तरलं असतं, हे खरं. पण तसं मत द्यायची वेळच आली नाही. उलट सैफुद्दीन सोझ यांचं मत बघा. त्यांचा पक्ष नॅशनल कॉन्फरन्स सरकारसोबत होता. पक्षादेश झुगारून त्यांनी विरोधात मत दिलं आणि पक्षाने त्यांना काढून टाकलं. ते पक्षासोबत राहिले असते तर २७० विरुद्ध २६९, म्हणजे अध्यक्षांच्या मताची गरजही न पडता सरकार टिकलं असतं. शिवाय तटस्थ राहण्याचं सांगून ऐन वेळी विरोधात गेलेले बसपचे पाच खासदार. ते खरोखर तटस्थ राहिले असते तर २६९ विरुद्ध २६५. आणि या सगळ्याच्या आधी जयललितांच्या अण्णाद्रमुकने पाठिंबा काढला, १८ खासदारांचा. मार्च १९९८ मध्ये याच सरकारने २७४ विरुद्ध २६१ असा विश्वास मिळवला होता. एका मताने हरताना प्रत्येक मत ‘ते एक मत’ असतं. या सगळ्यांतून बोट दाखवायला गमांगच का निवडले?

गमांग यांनी आपल्या पक्षाच्या, म्हणजे काँग्रेसच्या, आदेशाप्रमाणे मत दिलं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या खासदाराचं सदस्यत्व जाऊ शकतं. जो पक्षासोबत राहिला त्याला गद्दार म्हणायचं आणि ज्यांनी शब्द फिरवला त्यांची नावंही घ्यायची नाहीत, हा कुठला हिशेब?

उत्तर त्या जंगलाच्या वाक्यात आहे. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. गमांग हे आदिवासी नेते. १९७२ सालापासून कोरापुटमधून लोकसभेवर निवडून येत होते, एकूण नऊ वेळा आले. केंद्रात मंत्रीही होते. नियम न कळणारा माणूस? त्या दिवशी सभागृहात बसलेल्या कितीतरी सदस्यांचा पहिला निवडणूक अर्ज भरायच्या आधीपासून हा माणूस तिथे बसत होता. त्यांचं मत तुम्हाला पटलं नाही, तर मतावर बोला. ठाण्यात बसून हे पुढे पाठवणाऱ्यांच्या मागे येऊरचा डोंगर आहे, त्यावर पाडे आहेत. शहापूर, मुरबाड याच जिल्ह्यात, आणि जव्हार-मोखाडा २०१४ पर्यंत याच जिल्ह्यात होते. बाबा वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात होते तेव्हा त्यांना पीएफचे फॉर्म भरायला शिकवणारे सहकारी जव्हारचे वारली होते. आमच्या घरी जेवायला यायचे. मी बाबांना त्यांचं नाव घेऊन विचारलं, हे वाक्य त्यांच्यासमोर वाचून दाखवाल का? बाबा काही बोलले नाहीत. चष्मा काढून बसून राहिले.

बाकीचं झटपट. सरकार पडल्यावर काँग्रेसचं राज्य आलं नाही. पर्यायी बहुमत कुणालाच जमवता आलं नाही, २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली, वाजपेयी काळजीवाहू पंतप्रधान राहिले. कारगिलचं युद्ध त्याच काळात झालं. ऑक्टोबरमध्ये निवडणूक जिंकून ते पुन्हा पंतप्रधान झाले. आणि गमांग यांना कुणी विचारलं नाही म्हणे! २००४ मध्ये कोरापुटने त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवलं. २०१५ मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली, त्या मताचं खापर आपल्यावर फुटलं तेव्हा पक्षाने पाठराखण केली नाही ही त्यांची तक्रार होती, आणि ते गेले भाजपमध्ये. ज्या पक्षाचं सरकार त्यांनी पाडलं म्हणतात, त्याच पक्षाने त्यांना घेतलं. पुढे २०२३ मध्ये भारत राष्ट्र समिती, २०२४ मध्ये परत काँग्रेस. या पक्षबदलांवर टीका करायची तर खुशाल करा, मीही करेन. त्यासाठी चौदा दिवस आणि जंगल लागत नाही.

भाचीने वहीतली ओळ खोडली. खाली लिहिलं: ‘१७ एप्रिल १९९९, विश्वासदर्शक ठराव, २६९-२७०. अनुच्छेद १००, १०१(२), १६४(४) पुन्हा वाचणे.’ बाबांनी त्या पानाचा फोटो मागून घेतला आणि आज सकाळी तलावपाळीच्या ग्रुपवर टाकला. अजून कुणी काही लिहिलेलं नाही.