घरकामाला ठेवलेले मूल आणि ‘उपकारा’चा युक्तिवाद

‘गरीब घरातले मूल कामाला ठेवले की त्याच्या पोटाची सोय होते, जमल्यास शाळाही होते, ते घरच्यासारखेच राहते, शिवाय घर म्हणजे कारखाना नव्हे, तिथे कायदा शिरला तर लोक कामाला माणसे ठेवणेच सोडून देतील आणि उपाशी मरतील ती गरीबच.’ समाजमाध्यमांवर हा युक्तिवाद सतत पुढे पाठवला जातो. तो करणाऱ्यांपैकी अनेकांचा हेतू वाईट नसतो, त्यामुळे त्यातला एकेक दावा तपासणेच योग्य ठरेल.

प्रथम पोटाची सोय. जेवण, निवारा आणि मजुरी ही तिन्ही एकाच माणसाच्या हातून मिळत असतील, तर काम नाकारण्याची किंमत त्याच रात्री बेघर होण्याइतकी असते. प्रौढ बाईलाही ती परवडत नाही, मग गावाकडचा रस्तासुद्धा ठाऊक नसलेल्या दहा वर्षांच्या मुलीने ती कशी मोजावी? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये स्वीकारलेल्या घरकामगारविषयक करारात, अर्थात करार क्रमांक १८९ मध्ये, वेतन रोखीने आणि महिन्यातून किमान एकदा द्यावे, वस्तुरूपाने द्यायचा भाग मर्यादित असावा आणि तोही कामगाराच्या संमतीने, असे म्हटले आहे ते याच कारणाने. शाळेचे म्हणाल, तर पहाटे सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या आणि रात्री सगळ्यांनंतर झोपणाऱ्या मुलाचे नाव पटावर असले, तरी त्याला वर्गात जागे राहणे कठीणच. त्याच संघटनेच्या २०१२ च्या अंदाजानुसार जगात सुमारे १ कोटी ७२ लाख मुले परक्या घरांत काम करत होती. त्यांपैकी १ कोटी १५ लाख मुलांचे काम बालमजुरीत मोडणारे होते, आणि एकंदर संख्येत मुलींचे प्रमाण दोन तृतीयांशांच्या आसपास होते. पाच ते अकरा वयोगटातली मुलेच सुमारे ७४ लाख होती.

‘आमची मुलेही घरात कामे करतात’ या उत्तराला फार वेळ द्यायला नको. स्वतःच्या घरात आईवडिलांना हातभार लावणे या आकड्यांत धरलेलेच नाही.

‘घरच्यासारखी’ या दाव्याकडे मात्र नीट पाहायला हवे, कारण सगळ्या युक्तिवादाचा भार त्यावर आहे. घरातले माणूस रुसू शकते, आजारी पडून झोपून राहू शकते, आईला भेटायला जाऊ शकते आणि म्हातारपणी त्याचा त्या घरावर काही हक्क उरतो. कामाला ठेवलेल्या माणसाला यातले काय मिळते, एवढे विचारले की आपुलकीची खरी व्याप्ती कळते. दक्षिण आफ्रिकेत एक घरकामगार स्त्री एकाच घरात बावीस वर्षे काम करत होती. २०१२ मध्ये मालकाच्या पोहण्याच्या तलावात बुडून तिचा मृत्यू झाला. अपघात-भरपाईच्या कायद्यातून खासगी घरांतील कामगार वगळलेले असल्याने तिच्यावर अवलंबून असलेल्या मुलीला त्या कायद्याखाली भरपाई मागता येत नव्हती. हे वगळणे घटनाबाह्य असल्याचा निकाल तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०२० मध्ये दिला. बावीस वर्षांच्या सहवासाने जो हक्क दिला नाही, तो न्यायालयातून मिळवावा लागला.

घराच्या खासगीपणाचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपायही आहेत. करार क्रमांक १८९ मध्ये घराच्या तपासणीची तरतूद आहे आणि ती खासगीपणाचा मान राखूनच व्हावी असेही त्यात नमूद आहे. हा करार सर्वप्रथम मान्य करणाऱ्या उरुग्वेने २००६ च्या आपल्या कायद्यात, उल्लंघनाचा संशय असेल तेव्हा न्यायालयाच्या आदेशाने निरीक्षकाला घरात जाण्याची मुभा दिली आणि घरकामासाठी किमान वय अठरा ठेवले. लेखी करार, वेतनाची पावती, आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी, ओळखपत्रे कामगाराच्याच ताब्यात असणे, यांपैकी एकाही गोष्टीसाठी कोणाला तुमच्या उंबऱ्याच्या आत यावे लागत नाही.

राहिला रोजगार बुडण्याचा धाक. दक्षिण आफ्रिकेने २००२ मध्ये घरकामगारांसाठी किमान वेतन लागू केले. त्यानंतरच्या अभ्यासात वेतन सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास वाढल्याचे आणि रोजगारात लक्षणीय घट न झाल्याचे आढळले. प्रत्येक देशात नेमके असेच होईल असे मी म्हणणार नाही, पण हाहाकार होईलच असे ठामपणे सांगणाऱ्यांनी आधी हे उदाहरण खोडून काढावे. मुळात मूल कामाला ठेवले जाते ते बहुधा मोठ्या माणसाइतकी मजुरी ते मागत नाही म्हणून. जगातल्या सुमारे साडेसात कोटी घरकामगारांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया आहेत आणि दर दहांपैकी आठ जणांचा रोजगार अनौपचारिक आहे. अशा आईच्या हाती पुरेसे वेतन पडले, तर मुलीला दुसऱ्याच्या घरी धाडण्याचे एक मोठे कारण कमी होते.

या युक्तिवादातली एक भीती मात्र मला मान्य आहे. छापा घालून सोडवलेले मूल त्याच कर्जबाजारी घरात परत पाठवले, तर ते पुन्हा दुसऱ्या घरी कामाला लागण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे सुटकेबरोबरच थकलेली मजुरी वसूल करून देणे, शाळेतला प्रवेश आणि पालकांच्या उत्पन्नाची व्यवस्था ही कामेही त्याच यंत्रणेची मानली पाहिजेत. आणि जिथे पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलांना कायद्याने काम करता येते, तिथे त्यांच्या कामाच्या तासांवर कडक मर्यादा आणि रात्रीच्या कामावर बंदी असलीच पाहिजे.